आधीं वाईट होतें का?

मनुष्याच्या कांहीं कृति अशा असतात कीं, त्या करणाऱ्याला अगदीं स्वाभाविक वाटतात, पाहणाऱ्याला निव्वळ वेडेपणाच्या वाटतात, आणि दोघांपैकीं कोणालाच आपली बाजू नीट मांडतां येत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं सकाळीं मीं जेवणाच्या टेबलावर जुनें वर्तमानपत्र पसरून त्यावर माझा अँप्लिफायर उपडा घातला होता, व त्याच्या तळाचे स्क्रू एकेक करून काढीत बसलों होतों. हें यंत्र मीं तीन वर्षांपूर्वीं माझ्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी किंमत मोजून घेतलेलें. त्याला कांहींएक झालेलें नव्हतें. पत्नी चहा घेऊन आली, कप ठेवायला जागा नाहीं असें पाहून क्षणभर तशीच उभी राहिली, आणि म्हणाली, "अहो, चांगलें म्हणूनच एवढे पैसे घातलेत ना? मग उघडतां कशाला? आधीं वाईट होतें का?"

"वाईट नव्हतें," मी म्हणालों.

"मग?"

ह्या 'मग'चें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. सव्वीस वर्षें महाविद्यालयांत तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मनुष्याला दोन अक्षरी प्रश्नापुढें गप्प बसावें लागलें, ही गोष्ट पुढें कित्येक दिवस मनांत सलत राहिली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरानें केलेला प्रयत्न आहे, असें वाचकांनीं समजावें.

ज्यांना ह्या छंदाचा वारा लागलेला नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. ध्वनिमुद्रित संगीत उत्तम प्रकारें ऐकतां यावें म्हणून उंची यंत्रें विकत घेणारा एक वर्ग जगांत बहुतेक सर्वत्र आहे. इंग्लंड, अमेरिका, जपान ह्या देशांत तो मोठा आहे. आपल्याकडे लहान असला तरी पुण्यामुंबईंत तो आहेच. ह्या वर्गाच्या पोटांत आणखी एक पंथ आहे. तो हीं यंत्रें घेतो आणि उघडतो. अँप्लिफायरमध्यें ध्वनीचा बदलता विद्युत्प्रवाह एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाऊं देणारा, पण स्थिर दाब अडवून धरणारा, कपॅसिटर नांवाचा एक लहानसा भाग असतो. तो काढून त्या जागीं हे लोक अधिक महागाचा कपॅसिटर डाख देऊन बसवितात. व्हॉल्वचें यंत्र असेल, तर साठ वर्षांपूर्वीं इंग्लंडांत किंवा जर्मनींत तयार झालेले, ज्यांचे कारखानेही आतां उरले नाहींत असे व्हॉल्व शोधून आणतात. कोणी तबकडी फिरविणाऱ्या यंत्राखालीं कडाप्प्याची लादी घालतो, कोणी स्पीकरची पेटी उघडून आंतल्या तारा बदलतो. बिघडलेली वस्तु दुरुस्त करणारा मनुष्य सर्वांना समजतो. न बिघडलेली वस्तु दुरुस्त करणारा हा प्राणी मात्र घरांतल्या माणसांनाही समजत नाहीं.

कांहीं फेरफार सक्तीचे असतात, ते आरंभींच वादांतून वगळलेले बरे. अमेरिकेंतील आप्तांनीं प्रेमानें आणून दिलेलें जुन्या पद्धतीचें तबकडीयंत्र हें त्याचें उत्तम उदाहरण. त्याची मोटर विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरते. तेथील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. विजेचा दाब जुळविण्यासाठीं ट्रान्सफॉर्मर मिळतो, परंतु आवर्तनें तो बदलीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी पावणे-अठ्ठावीसच्या आसपास फेरे घेऊं लागते. सहास पांच हें प्रमाण म्हणजे कोमल गांधार आणि षड्ज ह्यांचें प्रमाण. षड्जापासून कोमल गांधार जितका वर, नेमका तितकाच गायकाचा षड्ज खालीं उतरतो, आणि लयही त्याच मानानें रेंगाळते. अशा वेळीं मोटरवरील पुली बदलण्यांत कोणाला वेडेपणा दिसणार नाहीं. तसेंच वीस-पंचवीस वर्षांनीं ज्या कपॅसिटरांतील द्रव सुकून जातो ते बदलणें, हें घराला चुना काढण्यासारखेंच होय. असो.

ह्यानंतर उरतो तो खरा प्रश्न. पंथांतील लोक त्याचें जें उत्तर स्वतः देतात तें असें, कीं कारखानदार यंत्र तयार करतो तें हिशेबनिसाच्या देखरेखीखालीं. हजारों नग काढावयाचे असतां एकेका नगामागें चार रुपये वांचले तरी ती मोठी रक्कम होते. म्हणून जेथें उत्तम भाग घालावयाचा तेथें तो मध्यम घालतो. आपण एकच यंत्र सुधारणार, आपल्याला ती काटकसर करण्याचें कारण काय? १९८० सालीं अमेरिकेंतील 'ऑडिओ' मासिकांत वॉल्ट जंग व रिचर्ड मार्श ह्या दोघांनीं कपॅसिटरांच्या निवडीवर जें लिहिलें, त्यानें ह्या विचारसरणीला शास्त्राचा आधार मिळाला. कपॅसिटर रिकामा केला तरी त्यांतील विद्युद्भार सर्वच्या सर्व निघून जात नाहीं. मधल्या रोधक द्रव्यांत तो थोडा मुरून राहतो आणि मागाहून हळूहळू बाहेर येतो. हा दोष कोणत्या द्रव्यांत अधिक व कोणत्यांत कमी, ह्याची चर्चा त्यांनीं जबाबदारीनें केली होती. पण लेख वाचणाऱ्यांच्या हातांत डाख देण्याची तापलेली सळई होती, आणि सळई तापलेली असतां मनुष्य लेखांतील 'क्वचित्', 'कांहीं परिस्थितींत' असले शब्द वाचीत नाहीं.

हें उत्तर मला अपुरें वाटतें. स्वस्त यंत्राच्या बाबतींत तें बरोबर आहे. परंतु येथें प्रश्न उंची यंत्रांचा आहे. ज्यांत कारखानदारानें हात आंखडता घेतलेला नाहीं, ज्याची किंमतच त्यासाठीं घेतलेली आहे, तें यंत्रही उघडलें जातें. किंबहुना जितकें उंची तितकें अधिक आस्थेनें उघडलें जातें. स्कॉटलंडमध्यें तयार होणारें 'लिन सोंडेक' हें तबकडीयंत्र पाहा. गेल्या शतकाच्या आठव्या दशकाच्या आरंभापासून तें विक्रीस आहे. १९८२ सालीं त्याच्या मोटरला वीज पुरविणारा नवा भाग निघाला, १९९० सालीं त्याहून वेगळा निघाला, पुढें धुरा बदलला, चौकट बदलली. आणि हे नवे भाग जुन्या यंत्रांतही बसवितां येतात. चाळीस वर्षांपूर्वीं घेतलेल्या यंत्रांत आज मूळचें काय राहिलें, असें मालकाला विचारलें तर तो कधींकधीं लांकडाच्या चौकटीकडे बोट दाखवितो, आणि कधींकधीं तीही दाखवितां येत नाहीं. 'मिलिंदप्रश्ना'ंत नागसेन राजाला विचारतो कीं, चाक म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय. आणि राजाला प्रत्येक वेळीं 'नाहीं' म्हणावें लागतें. ह्या तबकडीयंत्राच्या मालकाला मात्र असली अडचण पडत नाहीं. तो रथ त्याचा आहे, कारण तो त्याच्या डोळ्यांदेखत बदलत गेला आहे. त्याच्या मनांत यंत्राची एकता भागांत नसून त्या बदलांच्या आठवणींत असते.

मला वाटतें, खऱ्या उत्तराची दिशा येथें आहे. हा छंद जन्मला तेव्हां उघडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्र मुळांत बंदच नसे. १९४५ सालीं हॅरल्ड लीक ह्या इंग्रज गृहस्थानें ध्वनींतील विकृति एक-दशांश टक्क्यावर आणणारा अँप्लिफायर बाजारांत आणला, ही त्या काळीं मोठी मजल होती. पण खरी खळबळ उडविली ती १९४७ सालीं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत प्रसिद्ध झालेल्या डी. टी. एन. विल्यम्सन ह्यांच्या आराखड्यानें. तो कोणीही वाचावा, सामान जमवावें, आणि घरीं बांधावा. देशोदेशींच्या शिक्षकांनीं, कारकुनांनीं, रेल्वेंतल्या नोकरांनीं तो बांधला. ज्यानें तो बांधला त्याला आपल्या घरांतील प्रत्येक स्वराचा मार्ग ठाऊक होता. आवाज खरखरला तर कोठें बोट ठेवावयाचें हें त्याला कळत असे. पुढें यंत्रें सुधारलीं, त्यांचे भाग डोळ्यांना दिसेनासे बारीक झाले, आणि झांकणाच्या स्क्रूवर कागदाची एक चकती आली : ही फाटल्यास हमी रद्द. ह्या चकतीसारखी विचार करावयास लावणारी वस्तु मीं थोडी पाहिली आहे. ती मालकाला सांगते कीं, हें यंत्र तुझें आहे, पण तुझा आणि ह्याचा परिचय होण्याचें कारण नाहीं.

मालकी आणि ओळख ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली पैसे दिल्यानें येते, दुसरी येत नाहीं. उत्तम वस्तु विकत आणणाऱ्या मनुष्याच्या वाट्याला एक चमत्कारिक दैन्य येतें : वस्तु इतकी पूर्ण असते कीं, तिला त्याची गरजच नसते. तो आपल्याच दिवाणखान्यांत पाहुणा होतो. हें दैन्य घालविण्याचा एक उपाय म्हणजे चकती फाडणें. पत्नीच्या प्रश्नाला मला त्या दिवशीं हें उत्तर द्यावयास हवें होतें, कीं यंत्र वाईट नव्हतें, पण तें माझें झालेलें नव्हतें.

येथें कोणी तंबोऱ्याचा दाखला देईल, आणि तो देण्याजोगा आहे. मिरजेचे कारागीर उत्तमांतला उत्तम तंबोरा करून देतात; तरी गायक त्याला हात लावल्यावांचून राहत नाहीं. घोडीचा माथा घांसून जवारी काढणें हें कसबी माणसाचें काम. पण तारेखालचा सुताचा दोरा केसभर पुढें-मागें सरकवून तो नाद खुलविणें, हें रोज बैठकीपूर्वीं गायकाला स्वतः करावें लागतें. तंबोरा कधींच 'पूर्ण' नसतो. त्याची जवारी झिजते, पुन्हा काढावी लागते, आणि एका गायकाला आवडलेली जवारी दुसऱ्याला आवडत नाहीं. आपल्या संगीतांत वाद्याशीं असलेला हा नित्याचा व्यवहार ज्याच्या कानांवर लहानपणापासून आहे, त्याला यंत्राच्या बंद पेटीपुढें हात बांधून बसणें जड जावें, ह्यांत नवल नाहीं. तथापि हा दाखला अखेरपर्यंत टिकत नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. तंबोरा गाणें घडवितो. अँप्लिफायर घडलेलें गाणें पोंचवितो. टपालवाल्यानें पत्रांतील अक्षर सुधारूं नये. शिवाय जवारी बरोबर लागली कीं नाहीं, हें सांगायला साथीदार असतात, समोर श्रोते असतात. यंत्र उघडणारा मनुष्य मात्र कारागीर, गायक, श्रोता आणि परीक्षक ह्या चारी भूमिका एकटा करतो, तींही बहुधा रात्रीं, घरचीं माणसें झोंपल्यावर.

येथवर मीं ह्या पंथाची वकिली केली. पण जो नीतीचा प्रश्न मला वाचकांपुढें ठेवावयाचा आहे तो ह्या शेवटच्या गोष्टींतून निघतो. खर्च किती केला, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटतो. लोक लग्नांत ह्याहून पुष्कळ अधिक घालवितात आणि त्यांतून स्वरही निघत नाहीं. प्रश्न आहे तो साक्षीचा. "आतां आवाज अधिक मोकळा झाला," असें जेव्हां मी म्हणतों, तेव्हां मी कशाची साक्ष देतों?

ह्या साक्षीची परीक्षा अनेकदां झाली आहे. १९७८ सालीं इंग्लंडांत जेम्स मॉयर ह्यांनीं एकाच कारखान्याचे तीन अँप्लिफायर, एक जुना व्हॉल्वचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे, जाणत्या श्रोत्यांना कोणता चालूं आहे हें न सांगतां ऐकविले. श्रोत्यांना ते खात्रीनें वेगळे ओळखतां आले नाहींत. उलट १९८५ सालीं बॉब कार्व्हर ह्या अमेरिकन अभियंत्यानें 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलें कीं, तुम्ही निवडाल त्या महागड्या अँप्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त अँप्लिफायरमधून काढून दाखवितों. तो सँटा फे येथें जाऊन बसला. दोन्ही यंत्रांना एकच संगीत देऊन त्यांच्यांतील वजाबाकी तो ऐके, आणि ती शून्याकडे जाईपर्यंत आपल्या यंत्रांत फेरफार करी. अखेर संपादकांनीं प्रामाणिकपणें कबूल केलें कीं, आम्हांला दोहोंत फरक करतां येत नाहीं. ही हकीकत दोन्ही पक्षांना अडचणीची आहे. सर्व अँप्लिफायर सारखेच, असें म्हणणाऱ्यांना ती सांगते कीं, आधीं फरक होता म्हणूनच तर तो घालवावा लागला. आणि महाग भागांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांना ती सांगते कीं, तो फरक भागांच्या किंमतींत नव्हता. फेरफारानें आवाज बदलतो, हें खरें आहे. केलेल्या प्रत्येक फेरफारानें तो बदलतो, हें खरें नाहीं. ह्या दोन वाक्यांतील अंतर कानाला आपोआप कळत नाहीं. एकच गाणें किंचित् मोठ्यानें लावलें तर तें मोठें झालें असें न वाटतां चांगलें झालें असें वाटतें, इतका हा साक्षीदार भोळा आहे.

आतां माझीच गोष्ट सांगतों. त्या रविवारीं मीं दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलले, झांकण लावलें, आणि संध्याकाळीं केसरबाई केरकरांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून काढलेली तबकडी लावली. काय सांगावें! आवाजावरचा पडदा दूर झाला, तानेचा प्रत्येक दाणा सुटा झाला, असें मला वाटलें. पुढचे तीन आठवडे मी रोज रात्रीं तास-दीड तास ऐकत बसलों. गेल्या तीन वर्षांत बसलों नव्हतों इतका. चालीवरच राहणाऱ्या, बँकेंतून निवृत्त झालेल्या माझ्या एका स्नेह्यांना मीं हें सर्व रंगवून सांगितलें. त्यांच्याकडे तसलेंच यंत्र आहे. त्यांनीं माझ्या शब्दावर विसंबून तेच कपॅसिटर परदेशाहून मागविले आणि एका कारागिराकडून बसवून घेतले.

दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. तो आतां इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता आहे. मीं मोठ्या अभिमानानें झांकण काढून काम दाखविलें. तो कांहीं वेळ वांकून पाहत राहिला आणि संकोचानें म्हणाला, "सर, उजवीकडचा बदलायचा राहिला का?" उजव्या बाजूची मांडणी डावीच्या आरशांतील प्रतिबिंबासारखी असते, हें मीं लक्षांत घेतलें नव्हतें. तिकडे मीं बदललेला कपॅसिटर ध्वनीच्या मार्गांत नव्हताच. उजव्या बाजूनें आवाज पूर्वीच्याच वाटेनें येत होता.

ह्या चुकीचें पूर्ण स्वरूप वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. केसरबाईंच्या त्या ध्वनिमुद्रिका दोन स्पीकरांसाठीं वेगळ्या मुद्रित केलेल्या नव्हेत. त्या काळीं ती सोयच नव्हती. दोन्ही स्पीकरांतून तोच एक आवाज येतो. म्हणजे तीन आठवडे रोज माझ्या डाव्या कानाकडे 'सुधारलेला' आणि उजव्या कानाकडे 'न सुधारलेला' असे दोन आवाज एकाच क्षणीं येत होते. ह्याहून उत्तम प्रयोग कोणी मुद्दाम मांडूं शकला नसता. आणि वर्गांत मुलांना अन्वय-व्यतिरेक शिकविणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढें मीं रीतसर परीक्षा घेतली. एकच स्पीकर ठेवला, त्याकडे पाठ करून बसलों, आणि पत्नीनें त्याची तार कधीं डाव्या बाजूला, कधीं उजव्या बाजूला, मला न सांगतां जोडली. वीस वेळां मीं उत्तर दिलें, त्यांत अकरा बरोबर आलीं. नाणें उडवून ह्याहून फार वाईट झालें नसतें. बाराव्या खेपेला ती म्हणाली, "अजून किती राहिल्या? कुकर लावायचा आहे." तिची साक्ष ह्या सर्व प्रकरणांत सर्वांत विश्वसनीय होती, कारण तिला कोणतेंही उत्तर नको होतें.

मग त्या तीन आठवड्यांतील आनंद खोटा होता काय? मला तसें म्हणवत नाहीं. तानेचे दाणे सुटे ऐकूं आले हें खरें. ते पूर्वींही सुटेच होते, मी ऐकत नव्हतों. केसरबाईंचा आवाज तीन-चार मिनिटांच्या जुन्या मुद्रणाची सारी अडगळ ओलांडून येतो. १९७७ सालीं 'व्हॉएजर' यानांतून पृथ्वीवरचे आवाज अवकाशांत धाडले गेले, त्यांत त्यांची भैरवी निवडली गेली ती कांहीं कपॅसिटरच्या बळावर नव्हे. हातानें काम केल्यामुळें माझें लक्ष जागें झालें होतें, आणि जाग्या लक्षाला जें मिळावयाचें तें मिळालें. तेव्हां आनंद खरा, परंतु त्याचें मीं सांगितलेलें कारण खोटें. एखाद्याला वाटेल कीं आनंद मिळाला, कारणाशीं काय करावयाचें आहे? मी एकटा असतों तर कदाचित् कांहींच करावयाचें नव्हतें. परंतु मीं तें कारण शेजाऱ्याला सांगितलें, आणि त्यानें आपल्या निवृत्तिवेतनांतून त्याची किंमत मोजली. आपल्या सुखाबद्दल स्वतःशीं गाफील राहण्याची मुभा मनुष्याला असेल. त्याची साक्ष दुसऱ्यापुढें देतांना ती राहत नाहीं.

म्हणून मी त्यांच्याकडे गेलों. जाण्यास मीं आठ दिवस लावले, हेंही लिहून ठेवतों. त्यांच्या पत्नीला जाऊन दोन वर्षें झालीं. संध्याकाळ त्यांना ह्या यंत्रावर काढावी लागते. मीं सारी हकीकत सांगितली. ते मनापासून हंसले. "अहो प्रोफेसर, चूक तुमच्या उजव्या बाजूची. माझ्या दोन्ही बाजू बरोबर बसविल्या आहेत. माझ्याकडे फरक पडला आहे." वीस उत्तरांचा हिशेब मीं सांगून पाहिला. "तो तुमच्या कानाचा हिशेब," ते म्हणाले, "बसा, ऐका." त्यांनीं तबकडी लावली. ती बाजू संपेपर्यंत आम्ही दोघे कांहीं बोललों नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "काय?"

"गाणें फार सुंदर झालें," मी म्हणालों.

"मीं गाण्याबद्दल विचारलें नाहीं."

"मला फरक ऐकूं आला नाहीं."

ते थोडा वेळ यंत्राकडे पाहत राहिले. "ही असती तर तिनें सांगितलें असतें," ते म्हणाले. "तिचा कान फार तिखट होता. मला कधींच तिच्याइतकें कळलें नाहीं." मग उठून त्यांनीं तबकडी उलटली.

माझ्या यंत्राची उजवी बाजू मीं नंतरच्या रविवारीं बदलली. त्याचा कांहीं उपयोग नाहीं, हें ठाऊक असतां बदलली. पत्नीनें ह्या खेपेला कांहीं विचारलें नाहीं. चहाचा कप खिडकींत ठेवून ती गेली.